औषधालयाचा गाळा : मुंबईच्या उपनगरांतील बांधकाम-परवानगीच्या इतिहासाचे एक प्रकरण

१

मुंबईच्या आरोग्यविषयक इतिहासाचे लेखन मुख्यतः रुग्णालये, १८९६ ची प्लेगची साथ आणि त्या साथीतून उभे राहिलेले सुधारणा-मंडळ यांच्याभोवती फिरत आलेले आहे. ज्या दुकानातून औषधाची बाटली प्रत्यक्ष रोग्याच्या हाती पडते, त्या दुकानाचा विचार इतिहासकारांनी क्वचितच केला आहे. नगररचनेचे अभ्यासक रस्ते, वसाहती व भूखंड यांच्याकडे पाहतात. वैद्यकाचे अभ्यासक औषधाकडे व वैद्याकडे पाहतात. दहा-पंधरा चौरस मीटरांचा तळमजल्यावरील गाळा मात्र या दोहोंच्या दृष्टीतून निसटतो. वास्तविक, एका खोलीच्या भिंती, तिचे जोते, तिची उंची, तिच्यावरील फलक आणि तिच्यात बसणारा मनुष्य या सर्वांवर एकाच वेळी अनेक कायद्यांची नजर असावी, असे उदाहरण नगरात फारसे आढळणार नाही. औषधालयाचा गाळा हे असे उदाहरण आहे.

प्रस्तुत लेखात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या उपनगरांच्या संदर्भात या परवानग्यांचा क्रम कसा घडत गेला, याची मांडणी करावयाची आहे. परवाना म्हणजे सरकारी अडवणूक, ही एक रूढ समजूत. परवाना म्हणजे लोकहिताचे रक्षण, ही तिच्या उलट दुसरी. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. औषधालयाच्या जागेवरील प्रत्येक बंधन वेगळ्या काळात, वेगळ्या भीतीपोटी जन्मले. आणि ही बंधने एकमेकांची दखल न घेता एकाच खोलीत येऊन बसली, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

उपनगरांचा प्रश्न प्रथम जमिनीचा होता, इमारतीचा नव्हे. साष्टी बेटातील बहुतेक जमीन भातशेतीची, बागायतीची अथवा खाजणाची होती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या ६५ व्या कलमान्वये शेतजमीन अन्य कामाकरिता वापरावयाची झाल्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागे. ती न घेतल्यास ६६ व्या कलमान्वये दंड व निष्कासन यांची तरतूद होती. म्हणजे उपनगरातील दुकानाचा पहिला परवाना हा महसूल खात्याचा, बिगरशेतीचा परवाना होय. बिगरशेती हा शब्द आजही उपनगरांतील जुन्या गृहसंस्थांच्या कागदपत्रांतून डोकावतो, त्याचे मूळ येथे आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हीच परंपरा पुढे चालविली.

दुसरा थर नगरपालिकांचा. १९२० साली साष्टीच्या दक्षिण भागाचा मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. तथापि हा जिल्हा मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होता. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर-किरोळ अशा स्वतंत्र नगरपालिका तेथे कारभार पाहत आणि नव्या बांधकामाची सूचना त्यांच्याकडे द्यावी लागे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने भूखंडांची फेरआखणी करून रस्ते काढण्याची पद्धत घालून दिली, आणि तिचा अवलंब उपनगरांत हळूहळू होत गेला. मुलुंडच्या पश्चिमेकडील सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते त्याच काळातील नियोजित वसाहतीची साक्ष देतात.

या वस्तीला वेग दिला तो रेल्वेने. बोरीबंदर-ठाणे मार्ग १८५३ सालचा असला, तरी रोजच्या ये-जा करणाऱ्या नोकरदाराचे उपनगर विजेच्या गाडीनंतरच घडले. कुलाबा-बोरिवली मार्गावर १९२८ साली विजेची गाडी धावू लागली; मध्य मार्गावर कल्याणपर्यंतचे विद्युतीकरण १९२९ सालचे. स्थानकाबाहेरचा रस्ता हा उपनगराचा बाजार झाला, आणि त्या रस्त्यावरील इमारतींचा तळमजला दुकानांचा झाला. औषधाचे दुकान स्थानकाजवळ किंवा डॉक्टरच्या दवाखान्याशेजारी असते, ही आजची सर्वपरिचित गोष्ट या रचनेची फलश्रुती आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. या काळात जमिनीवर व इमारतीवर नियंत्रण होते. पण औषधाच्या विक्रीवर, म्हणून औषधालयाच्या जागेवर, तसे नियंत्रण जवळजवळ नव्हते. काष्ठौषधी गांध्याच्या दुकानी मिळत. पाश्चात्त्य औषधे डॉक्टरच्या दवाखान्यात कंपौंडर तयार करून देई. कागदाच्या पट्टीने मात्रा दाखविलेली औषधाची बाटली ही त्या व्यवस्थेची खूण. दवाखान्याची मागील खोली हेच पुष्कळ ठिकाणी उपनगरातील पहिले औषधालय होते, आणि तिला वेगळे नाव नव्हते.

३

औषधांच्या नियंत्रणाची कथा निराळ्या चिंतेतून सुरू होते. भेसळीची व निकृष्ट औषधे, विशेषतः क्विनीनसारखी रोजच्या गरजेची, बाजारात येत असल्याच्या तक्रारींवरून सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल १९३१ साली सादर झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी १९४० चा औषध कायदा झाला, १९४५ साली त्याखालील नियम झाले, आणि १९४८ साली औषधनिर्माण-व्यवसायाचा कायदा आला. विक्रीच्या नियंत्रणाचे प्रकरण प्रत्येक प्रांतात तेथील सरकार ठरवील त्या दिवसापासून लागू व्हावयाचे होते. दिल्ली, अजमेर व कूर्ग येथे तो दिवस १ एप्रिल १९४७ हा होता.

या नियमांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी औषधाबरोबर खोलीचाही विचार केला. नियमांना जोडलेले ‘एन’ परिशिष्ट हे या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. औषधे तयार करून देणाऱ्या औषधालयाची जागा खासगी वापराच्या खोल्यांपासून वेगळी असावी. ती कोरडी, उजेडाची व हवेशीर असावी. एका औषधनिर्मात्यासाठी औषधयोजनेचा विभाग निदान ६ चौरस मीटरांचा असावा व प्रत्येक जादा औषधनिर्मात्यामागे २ चौरस मीटर वाढवावे. उंची निदान २·५ मीटर असावी. जमीन गुळगुळीत व धुता येण्याजोगी असावी. भिंतींना गिलावा, फरशी किंवा तेलरंग असून त्यांत भोके व भेगा नसाव्यात. चांगल्या पाण्याचा भरपूर पुरवठा असावा. औषधे तयार करण्याची जागा कठड्याने अलग केलेली असून तेथे गिऱ्हाइकांना प्रवेश नसावा. आणि विषारी द्रव्यांसाठी कुलूपबंद कपाट असून त्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या अक्षरांत ‘विष’ असा अर्थबोध करणारा इंग्रजी शब्द लिहिलेला असावा. याखेरीज आजच्या ६४ व्या नियमाप्रमाणे किरकोळ विक्रीच्या कोणत्याही दुकानास निदान १० चौरस मीटर जागा लागते; किरकोळ व घाऊक विक्री एकत्र असल्यास १५.

या यादीकडे बारकाईने पाहिले तर तिच्यामागील चित्र स्पष्ट होते. जिच्यात औषध घोटले, मिसळले व गाळले जाते, अशी ही खोली आहे; म्हणजे लहानशी प्रयोगशाळाच. तयार गोळ्यांच्या पट्ट्या फळीवरून काढून देणारे आजचे दुकान नियमकर्त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. पुढे बाटलीतील मिश्रणाची जागा कारखान्यातील गोळीने घेतली, आणि गंमत अशी की त्या गोळ्यांचे कारखाने याच उपनगरांत, विशेषतः घाटकोपर, भांडुप व मुलुंड या पट्ट्यात उभे राहिले. खोलीतील घोटणे थांबले; खोलीची कल्पना मात्र नियमांत टिकून राहिली.

नियमांनी दुकानाच्या फलकावरील नावालाही अर्थ दिला. ज्यास नोंदणीकृत औषधनिर्मात्याची गरज नाही त्याने ‘ड्रगस्टोअर’ म्हणावे. ज्याच्याकडे औषधनिर्माता आहे पण औषधे तयार करण्याची सोय नाही त्याने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ म्हणावे. आणि दोन्ही असतील त्यानेच ‘फार्मसी’ हे नाव लावावे, असा हा भेद आहे. लोकांनी तो कधीच मनावर घेतला नाही. त्यांनी तिघांनाही ‘मेडिकल’ म्हटले. अभ्यासकाला मात्र जुन्या छायाचित्रातील फलकावरून दुकानात कोणत्या दर्जाचे काम चालत असे याचा अंदाज बांधता येतो.

कंपौंडरचे काय झाले, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो. १९४८ च्या कायद्याने पहिल्या नोंदवहीत, शैक्षणिक अर्हता नसली तरी, ठराविक तारखेपूर्वी निदान पाच वर्षे औषधयोजनेचे काम केलेल्यांना स्थान दिले. डॉक्टरच्या मागील खोलीत उमेदवारी केलेल्या अनेकांना त्यामुळे स्वतःच्या नावाने दुकान काढण्याचा मार्ग मोकळा झाला. नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवरील औषध देऊ नये, हे ४२ वे कलम मात्र प्रत्यक्ष अंमलात येण्यास १९८४ साल उजाडावे लागले. दरम्यान १९५७ साली सांताक्रूझजवळ कलिना येथे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीची स्थापना झाली, आणि अनुभवाच्या जागी पदवी येऊ लागली.

४

उपनगरातील भिंतींवर महानगरपालिकेचा अधिकार आला तो दोन टप्प्यांत. १५ एप्रिल १९५० रोजी अंधेरी, घाटकोपर व त्यांच्या लगतची उपनगरे, जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, महानगरपालिकेच्या हद्दीत आली. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ही हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. अंधेरी व बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या जोड्यांमध्ये सात वर्षांचे हे अंतर आहे. १९५४ साली अंधेरीत व बोरिवलीत एकाच मापाचे दोन गाळे बांधले गेले असे मानले, तर पहिल्याचा नकाशा महानगरपालिकेच्या दप्तरात शोधावा लागेल आणि दुसऱ्याचा तेथे मिळणार नाही. जुन्या इमारतीचा मंजूर नकाशा कोठे असावा हा प्रश्न आज दुकानदाराला पडतो, तसाच तो संशोधकालाही पडतो. दोघांचेही उत्तर या दोन तारखांत दडलेले आहे.

हद्दवाढीबरोबर १८८८ चा महानगरपालिका कायदा उपनगरांत आला. त्याच्या ३३७ व्या कलमान्वये नवी इमारत बांधण्याची आणि ३४२ व्या कलमान्वये जुन्या इमारतीत वाढ, फेरफार किंवा वापरबदल करण्याची सूचना आयुक्तांस द्यावी लागते. औषधालय काढणाऱ्याच्या दृष्टीने दुसरे कलम अधिक महत्त्वाचे, कारण तो बहुधा नवी इमारत बांधीत नाही. तो जुना गाळा घेतो व त्याचे रूप पालटतो. भाडेकरूच्या राहणीस आवश्यक अशा किरकोळ दुरुस्तीस या कलमातून सूट आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ व विजेची जोडणी दुरुस्त करणे या गोष्टी त्या सुटीत येतात. भारवाहक भिंत अथवा खांब काढणे, खोलीची लांबी-रुंदी-उंची बदलणे, पोटमाळा घालणे किंवा वाढविणे या गोष्टी येत नाहीत. आणि जोते, पाया अथवा जमीन खाली नेण्यास तर परवानगीच देता येत नाही, असे हे कलम स्पष्टपणे सांगते.

या निषेधाचा अर्थ उपनगरातील दुकानदाराला दोन प्रकारे कळतो. रस्त्याची पातळी वरचेवर उंचावत गेल्याने दुकान खोलगट होते, तर उलट काही इमारतींचे जोते इतके उंच असते की म्हाताऱ्या रोग्याला पायऱ्या चढवत नाहीत. जमीन खाली घेऊन दुकान रस्त्याच्या पातळीस आणावे असा मोह अशा वेळी होतो. पायरी वा ओटा पुढे काढावा तर रस्त्यावरील अडथळ्यांविषयीची ३१२ व त्यापुढील कलमे आड येतात. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि सखल भागांतील तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हा जोत्याची उंची राखण्यामागील शहाणपण निराळ्या युक्तिवादाची गरज न ठेवता पटले. औषधाला ओल लागली की ते फेकावे लागते. धान्याप्रमाणे ते वाळवता येत नाही.

५

या दोन नियंत्रणांच्या मध्ये तिसरे एक उभे राहिले, आणि त्याचा परिणाम कदाचित सर्वांत खोल झाला. युद्धोत्तर काळातील घरटंचाईच्या पार्श्वभूमीवर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. भाडे गोठले, भाडेकरूस संरक्षण मिळाले, आणि पागडी बेकायदा असूनही व्यवहारात रूढ झाली. संरक्षणाला अपवाद होते. त्यांपैकी एक असा की मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने जागेत कायमस्वरूपी बांधकाम केले, तर मालकास ताबा मागता येई.

आता औषधालय काढू पाहणाऱ्या भाडेकरूची अवस्था पाहा. औषधनियम त्याला सांगतात की कठडा घाल, भिंती धुता येतील अशा कर, पाणी आत आण, कपाटे बसव. महानगरपालिका सांगते की मोठा फेरफार असेल तर आधी सूचना दे. आणि भाडेकायदा सांगतो की कायमस्वरूपी काही उभारलेस तर जागा जाईल. एका कायद्याचे पालन दुसऱ्या कायद्याखालील दाव्याला निमित्त होण्याची ही शक्यता होती. कायमस्वरूपी म्हणजे काय, याची व्याख्या मूळ कायद्यात नव्हती. पोटमाळा, फळ्या, ओटा यांचा निवाडा न्यायालयांना त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थिती पाहून करावा लागला. जुन्या औषधालयांत कपाटे भिंतीत न गाडता भिंतीला टेकवून ठेवलेली दिसतात, आणि विभाग वेगळा करणारा कठडा लाकडी व सुटा असतो. त्यामागे काटकसर असेल, सवय असेल; पण या कायद्याची सावलीही त्यावर पडली असावी, असे मानण्यास जागा आहे.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या १६ व्या कलमातील स्पष्टीकरणाप्रमाणे, जेथे आवश्यक तेथे महानगरपालिकेची परवानगी घेऊन केलेले लाकडी विभाजन, दार, जाळीकाम, हवेसाठी खिडकी, कृत्रिम छत, वातानुकूलन-यंत्राची बसवणूक इत्यादी कामे कायमस्वरूपी बांधकामांत मोडत नाहीत. त्या एका वाक्यात भाडेकायद्याने महानगरपालिकेच्या परवानगीची दखल घेतली. दोन कायदे एकाच खोलीत एकमेकांशी बोलले, असे हे दुर्मिळ स्थळ होय.

६

नगरनियोजनाच्या पातळीवर प्रश्न वेगळा होता : राहण्याच्या वस्तीत दुकान असावे की नसावे? मुंबईची पहिली विकास योजना व तिची नियंत्रण नियमावली १९६७ च्या सुमारास अंमलात आली; दुसरी नियमावली १९९१ सालची. शुद्ध निवासी विभाग आणि रस्त्यालगत दुकानांची रेषा असलेला निवासी विभाग असा भेद या नियमावलीने केला. तथापि रोजच्या गरजांची जी ‘सोयीची दुकाने’ तिने गणली, त्यांत किराणा, भाजी, दूध यांच्या बरोबरीने डॉक्टरांचे दवाखाने व औषधालये यांनाही स्थान मिळाले. औषधालय हे व्यापाराचे ठिकाण की शेजारधर्माची सोय, या प्रश्नाला नियोजनाने दिलेले हे उत्तर होते. त्यानंतरची नियमावली २०१८ साली आली.

येथे एका अडचणीचा निर्देश केला पाहिजे. औषधविक्रीचा परवाना व्यक्तीबरोबर जागेलाही बांधलेला असतो. दुकान शेजारच्या इमारतीत हलविले तरी नवा परवाना लागतो. २०१७ मधील दुरुस्तीने परवान्याचे नूतनीकरण सोडून ठराविक काळाने शुल्क भरण्याची पद्धत आणली, पण जागेचे बंधन राहिलेच. उपनगरांतील जुन्या इमारतींची पुनर्बांधणी होत असताना तळमजल्यावरील औषधविक्रेत्याला म्हणूनच किराणा दुकानदारापेक्षा अधिक पायऱ्या चढाव्या लागतात : तात्पुरती जागा, तिचा नकाशा, तिची तपासणी, तिचा परवाना, आणि नवी इमारत उभी राहिल्यावर पुन्हा तेच सर्व.

७

या सर्व बंधनांचा पसारा पाहून वाचकाच्या मनात असे येईल की एवढ्याशा दुकानासाठी इतके दप्तर कशाला? त्या प्रश्नाला उत्तर घाटकोपरमधील एका दुर्घटनेने दिले आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेस दामोदर पार्क येथील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली व १७ माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी शुश्रूषागृह होते आणि त्या जागेत नूतनीकरणाचे काम चालू होते. त्या कामात इमारतीच्या आधाराला धक्का लावला गेल्याचा आरोप रहिवाशांनी केला व त्यावरून फौजदारी कारवाई झाली.

ते औषधालय नव्हते. पण तळमजल्यावरील आरोग्यसेवेची जागा, निवासी इमारत आणि अंतर्गत फेरफार हे तिन्ही घटक तेच होते. ३४२ व्या कलमातील ‘फेरफार’ हा शब्द वाचताना तो आपल्याला कारकुनी वाटतो. त्या शब्दाच्या वर चार मजले व त्यांत झोपलेली माणसे असतात, हे विसरता येत नाही. तळमजल्यावरचा मनुष्य स्वतःची भिंत बदलतो तेव्हा तो एकट्याची भिंत बदलत नसतो.

आणि येथेच या व्यवस्थेतील खरी उणीव दिसते. औषधनियमांचा भर जागेच्या पर्याप्ततेवर, स्वच्छतेवर व औषधनिर्मात्याच्या उपस्थितीवर आहे. समोरची भिंत कोणत्या मंजूर नकाशाप्रमाणे उभी आहे, हा त्यांचा विषय नव्हे. महानगरपालिकेच्या कायद्याला इमारतीची चिंता आहे. कपाटातील विषाची नाही. भाडेकायद्याला ताब्याची चिंता आहे. प्रत्येक नियंत्रण आपापल्या जागी बरोबर आहे, परंतु त्यांची बेरीज करण्याचे काम कोणत्याही कायद्याने स्वतःकडे घेतलेले नाही. ते काम दुकानदाराकडे येते, आणि त्याच्याकडे वास्तुविशारदाचा सल्ला घेण्याइतकी ऐपत असेलच असे नाही.

८

निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. उपनगरातील औषधालयाच्या गाळ्यावर आज जी बंधने दिसतात, ती कोणा एकाच नियोजनाची निर्मिती नव्हे. बिगरशेतीच्या परवानगीमागे महसुलाची काळजी होती, नकाशाच्या मंजुरीमागे दाट वस्तीची व रोगराईची, औषधपरवान्यामागे भेसळीची, भाडेनियंत्रणामागे बेघर होण्याची. चार भीतींचे हे चार कायदे १८७९ ते १९४८ या सत्तर वर्षांत घडले आणि १९५० व १९५७ च्या हद्दवाढीनंतर उपनगरांत एकत्र नांदू लागले. म्हणून औषधालय काढणाऱ्याने पाळावयाचा क्रम इतिहासानेच सुचविलेला आहे : प्रथम जागेचा हक्क व मंजूर वापर पाहावा, मग इमारतीतील फेरफाराची परवानगी, मग मालकाची अथवा गृहसंस्थेची लेखी संमती, आणि शेवटी औषधविक्रीचा परवाना. हा क्रम उलटा केला, आधी कपाटे बसवून मग नकाशा शोधू लागले, की खर्च वाया जातो.

संशोधकाच्या दृष्टीने लाभ दुसरा आहे. या परवान्यांना जोडलेले लहान नकाशे, जागेच्या मोजमापांच्या नोंदी, भाडेपावत्या व तपासणीचे शेरे हे उपनगरांच्या सामाजिक इतिहासाचे साधन आहे. स्थानकाबाहेर कोणते दुकान केव्हा आले, मागील खोलीतला कंपौंडर पुढच्या काउंटरवर केव्हा आला, मिश्रण करण्याची जागा केव्हा बंद होऊन तेथे शीतकपाट आले, हे या कागदांवरून समजण्याजोगे आहे. पुनर्बांधणीच्या प्रत्येक फेरीबरोबर त्या इमारती जात आहेत आणि दुकानदारांची जुनी बाडेही त्यांबरोबर जात आहेत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील जुन्या औषधविक्रेत्यांकडील अशी कागदपत्रे, ती टाकून दिली जाण्यापूर्वी, त्यांच्या संमतीने पाहून नोंदवून ठेवणे हे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे व तातडीचे काम आहे.